“घरभर एकच चकचकीत टाइल लावा” हा सल्ला डोळे झाकून घेऊ नका

कुणी घराचं काम काढलं की तो मेसेज येतोच. तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की घरभर एकच मोठी, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल लावा, ती पाणी पीत नाही म्हणून डाग पडत नाहीत, बॉक्सवर आर९ लिहिलेलं असलं की घसरायची भीती नाही, दोन टाइलमध्ये जॉइंट म्हणजे फट अजिबात सोडू नका, जुनी फरशी फोडत बसू नका तिच्यावरच लावा, आणि लाकडासारखं दिसणारं काहीही घेऊ नका कारण पाण्याने सगळं फुगतं. माझ्या मावसबहिणीने तो मला पाठवला आणि विचारलं, ताई, असंच करू ना? तिच्या घरी सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आणि मुलगा नुकता पाऊल टाकायला लागलेला. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण यातल्या एका सल्ल्याचं काय होतं ते मी माझ्या घरात बघितलंय.

आधी पाणी न पिण्याचं बघू. हे खरं आहे. आयएसओ १३००६ या स्टँडर्डप्रमाणे या गटातली टाइल ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषत नाही, भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलचं तेच प्रमाण १० टक्क्यांच्या वर असतं. म्हणजे टाइल चांगलीच आहे, माझ्याही घरात तीच आहे. पण “म्हणून डाग पडत नाहीत” हे त्यातून निघत नाही. पॉलिश्ड टाइलचा वरचा भाग कारखान्यात घासून चकचकीत केलेला असतो, त्या घासण्यात आतली बंद असलेली बारीक छिद्रं उघडी पडतात आणि शाई, केसांचा रंग, गंजाचं पाणी असलं काही त्यात जाऊन बसतं. कंपन्या त्यावर सीलिंगचा थर देतात, पण तो सगळीकडे सारखा चांगला असतोच असं नाही. सोपा उपाय म्हणजे एक सॅम्पल घरी आणा, त्यावर परमनंट मार्करने रेघ मारा, रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसून बघा. ग्लेझ्ड टाइलवर काचेसारखा थर असल्याने डाग वरच राहतो, पण तिथे दुसरी गोष्ट होते, चपलांबरोबर आलेली बारीक रेती आणि खुर्च्यांचे पाय यांनी चकाकी जाते आणि येण्याजाण्याच्या वाटेवर मळकट पट्टा दिसायला लागतो.

आणि घरातल्या फरशीचे डाग बहुतेक वेळा टाइलवर नसतातच, ते मधल्या रेघांमध्ये असतात. त्या रेघांत भरलेलं ग्राउट सिमेंटचं असेल तर ते पाणी पितं, मळ धरतं, मग आपण अ‍ॅसिडने घासतो आणि अ‍ॅसिड सिमेंटच खातं. किचन बाथरूममध्ये एपॉक्सी ग्राउट लावून घ्या, फक्त ते सुकायच्या आत मिस्त्रीकडून नीट पुसून घ्यावं लागतं, नाहीतर टाइलवर धुरकट थर बसतो तो निघता निघत नाही.

आता आर९. मला सगळ्यात जास्त राग या मुद्द्याचा येतो कारण यात माणसाची हाडं मोडतात. आर९ हे पास झाल्याचं सर्टिफिकेट नाही, फरशीवर पाय किती घसरतो ते सांगणाऱ्या पट्टीतली ती सगळ्यात खालची पायरी आहे, पट्टी आर९ पासून आर१३ पर्यंत जाते. ही टेस्ट अशी करतात की टाइलच्या पृष्ठभागावर तेल ओततात, माणूस बूट घालून त्यावर चालतो आणि उतार हळूहळू वाढवत नेतात. ६ ते १० अंशांत पाय सुटला तर आर९, १० ते १९ मध्ये आर१०, आणि पुढे असंच. बूट घालून, लक्षात घ्या. ओल्या अनवाणी पायांची टेस्ट वेगळी असते आणि तिचे वर्ग ए, बी, सी असे असतात. बाथरूममध्ये आपण बूट घालून जात नाही, म्हणून तिथे निदान बी वर्ग मागा, आणि जिथे अंघोळ करायची तिथे टाइल छोटी घ्या, उतार नीट काढता येतो आणि जास्त जॉइंटमुळे पायाला पकड मिळते. किचनला मी आर१० च्या खाली जाणार नाही. दुकानदाराला हे वर्ग माहीत नसतील तर सॅम्पल टेकवून ठेवा, साबणाचं पाणी टाका आणि भिंतीला धरून अनवाणी टाचेने दाबून बघा, लगेच कळतं.

जॉइंटचा मुद्दा माझ्या घरातला. आम्ही हॉलला मोठ्या टाइल लावल्या तेव्हा ठेकेदाराने हेच सांगितलं होतं की जॉइंटलेस करू, एकसंध दिसेल, आणि खरंच सुंदर दिसत होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी काहीतरी फुटल्यासारखा मोठा आवाज झाला, आम्ही सगळे धावत बाहेर आलो तर हॉलच्या मधोमध टाइलची एक अख्खी रांग एकमेकीला टेकून तंबूसारखी उभी राहिलेली. तिथे दहा मिनिटांपूर्वी माझी मुलगी खेळत बसली होती.

त्याचं कारण समजून घ्या. टाइल उष्णतेने किंचित वाढते, खालचा काँक्रीटचा स्लॅब सुकताना पुढची काही वर्षं किंचित आकसतो, म्हणजे वरच्या टाइलवर दोन्हीकडून दाब येत राहतो. मधे जागा सोडलेली नसेल तर तो दाब कुठेतरी बाहेर पडणारच, आणि जिथे चिकटलेलं कच्चं आहे तिथून पडतो. आमच्याकडे उखडलेली टाइल उलटी केली तर पाठ धुतल्यासारखी स्वच्छ, सिमेंटचा कणसुद्धा नाही. ज्या गुणाचं मेसेजमध्ये एवढं कौतुक आहे ना, पाणी पीत नाही, त्याच गुणामुळे साधी सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, तिला धरत नाही, कारण स्लरी पकड घेते ती छिद्रांत शिरून आणि इथे छिद्रंच नाहीत. म्हणून व्हिट्रिफाइडला पॉलिमर असलेलं टाइल अ‍ॅडहेसिव्हच लागतं, पोत्यावर सी२ वर्ग लिहिलेला बघा, आणि मोठ्या टाइलला जमिनीवर आणि टाइलच्या पाठीवर, दोन्हीकडे लावून घ्या. चार कोपऱ्यांत आणि मधे गोळे ठेवून टाइल दाबणारा मिस्त्री दिसला तर तिथेच काम थांबवा, त्या पोकळ जागांवरच पुढे टाइल फुटते.

जॉइंट किती? कापून सरळ केलेल्या कडांच्या टाइलला २ ते ३ मिमी, स्पेसर म्हणजे फट सारखी ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे घालून. भिंतीच्या कडेने ६ ते ८ मिमी जागा मोकळी सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, दिसत नाही, पण तिच्यात सिमेंट भरू द्यायचं नाही. सलग मोठी जमीन असेल तर साधारण ६ ते ७.५ मीटरवर एक लवचिक जॉइंट, ऊन थेट येत असेल तिथे त्याहून बराच जवळ. लाकडी पट्ट्यांसारख्या लांब टाइल निम्म्या-निम्म्यावर लावू नका, त्या मधे थोड्या फुगीर असतात, कडा पायाला लागतात, एकतृतीयांशावर सरकवून लावा.

जुन्या फरशीवर नवीन लावता येते, पण आधी तपासून. नाण्याने किंवा थापीच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघा, जिथे पोकळ आवाज येतो तो भाग काढावाच लागतो. मग लेव्हल बघा, मोठ्या टाइलला ३ मीटरमध्ये ३ मिमी पेक्षा जास्त खालीवर चालत नाही. उंची १३-१४ मिमी वाढते, म्हणजे सगळे दरवाजे खालून तासावे लागतात, आणि बाथरूम तशीच ठेवून हॉल उचलला तर ठीक पण उलट केलंत तर बाथरूमचं पाणी हॉलमध्ये येईल. वजनाचा विचार तर कुणी करतच नाही. १० मिमी टाइल आणि अ‍ॅडहेसिव्ह मिळून एका चौरस मीटरला २८-३० किलो, ६० चौरस मीटरच्या घरात पावणेदोन टन जास्तीचं वजन. वरच्या मजल्यावर, जुन्या इमारतीत राहत असाल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय करू नका.

लाकडासारखं दिसणारं सगळं फुगतं हे चूक आहे, लॅमिनेट फुगतं. त्याच्या आत दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड असतो, कडेतून पाणी शिरलं की फुगतो आणि परत बसत नाही. एसपीसी म्हणजे एकमेकांत अडकवायच्या लाकडी दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, त्यात चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी असतं, ते पाण्याने फुगत नाही, पण खालची जमीन सपाट नसेल तर त्याची लॉक तुटतात आणि कडेने गेलेलं पाणी खाली साचून राहू शकतं. इंजिनियर्ड वूडमध्ये वरचा खऱ्या लाकडाचा थर किती जाड ते विचारा, २ मिमीचा असेल तर पुढे घासून नवा करायला फारसा वाव नसतो. बहिणीला मी सांगितलं की सासूबाईंच्या खोलीत एसपीसीच लाव. टाइल खोलीपेक्षा थंड नसते, पण पायातली उष्णता ती भराभर ओढून घेते म्हणून गार लागते, म्हाताऱ्या पायांना ते नको होतं, आणि बाळ पडलं तरी टाइलइतकं लागणार नाही.

हॉलला तिने टाइलच घेतली, मॅट, जॉइंट सोडून. मोजून निघेल त्यापेक्षा १० टक्के जास्त घे, तिरपी लावणार असशील तर १५, आणि सगळ्या बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना ते लावायच्या आधी बघ, हे मी तिला दोनदा सांगितलं. उरलेला बॉक्स माळ्यावर ठेवायचा, टाकायचा नाही. आमच्याकडे तो नव्हता, त्या बॅचची टाइल नंतर कुठेच मिळाली नाही, आणि हॉलच्या मधोमध आजही सहा टाइल वेगळ्या रंगाच्या आहेत.