फोड नाहीत म्हणून डोळ्यात नागीण नाही? अजिबात खरं नाही

आमच्या फोंड्याच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड परत परत येतोय: कपाळावर फोड नसतील तर डोळ्यात नागीण असूच शकत नाही, लाल डोळा म्हणजे डोळे आलेत, फार्मसीतून स्टेरॉइडचा ड्रॉप आणून घाला, अगदीच शंका असेल तर कांजिण्यांची रक्ततपासणी करा. मी डोळ्यांच्या ओपीडीत काम करते, आणि हे वाचून मला खरंच भीती वाटते.

आधी फोडांचं. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी व्हायरस शरीरातून जात नाही, नसांच्या मुळाशी पडून राहतो. चेहऱ्याच्या ज्या नसेची फांदी कपाळाला आणि नाकाच्या शेंड्याला जाते तिचीच डोळ्यातही जाते, त्यामुळे व्हायरस परत उठला की, म्हणजे नागीण झाली की, बहुतेकांना फोड येतात, पण काहींना कातडीवर काहीच येत नाही आणि सूज थेट डोळ्यात होते.

डोळे आले म्हणाल तर त्यात चिपडं येतात, पापण्या चिकटतात, बरेचदा दोन्ही डोळे धरतात. डोळ्यातल्या नागिणीत बहुतेक एकच डोळा, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं, चिपडं जवळजवळ नाहीतच.

मग फोडांशिवाय ओळखायचं कसं? डॉक्टर सुन्न करणारा ड्रॉप घालायच्या आधी कापसाची बारीक वात बुबुळाला लावून बघतात, चांगल्या डोळ्याची पापणी झटकन मिटते आणि दुखऱ्या डोळ्याला लावली तर कधीकधी पेशंटला फारसं कळतच नाही, म्हणजे तिथली नस दुखावलीय. इतर कारणांनी डोळ्याच्या आत सूज आली तर प्रेशर बरेचदा उतरतं, नागिणीत मात्र बरेचदा चढलेलं सापडतं. पुढे स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायचा मायक्रोस्कोप) बुबुळाच्या रंगीत भागाचा एखादा तुकडा झिजलेला दिसतो, त्यातून लालसर उजेड आरपार येतो. पण साध्या हर्पिसमध्येही (ओठांवर फोड आणणारा दुसरा व्हायरस) असंच दिसू शकतं, म्हणून शंका राहिली तर डोळ्यातलं थोडंसं पाणी बारीक सुईने काढून पीसीआर, म्हणजे व्हायरसचा अंश शोधणारी टेस्ट, करतात. तो निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असंही नाही, उशिरा घेतलेल्या सॅम्पलमध्ये व्हायरस न सापडणं शक्य आहे.

फॉरवर्डमधली रक्ततपासणी म्हणजे आयजीजी टेस्ट, ती रक्तातल्या अँटिबॉडी बघते; ती पॉझिटिव्ह आली तर एवढंच कळतं की तुमची कांजिण्यांच्या व्हायरसशी कधीतरी गाठ पडली होती, आणि ती तर बहुतेक मोठ्या माणसांची पडलेली असतेच. आज डोळ्यात काय चाललंय ते त्यात दिसत नाही.

सगळ्यात घातक तो स्टेरॉइडचा सल्ला. स्टेरॉइड आम्हीही देतो हो, पण सोबत अ‍ॅसायक्लोविरसारख्या गोळ्या किडनी बघून, आणि प्रेशर मोजत मोजत. नुसता ड्रॉप घातला तर लाली उतरते, बरं वाटतं, आत व्हायरस वाढत राहतो, आणि तो मागच्या पडद्यापर्यंत गेला तर थोड्या दिवसांत नजर जाऊ शकते. म्हणून बाहुली मोठी करून पडदा बघणं टाळू नका. त्यानंतर काही तास नीट दिसत नाही, तेव्हा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा की जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे, स्वतः स्कूटर चालवत जाऊ नका, घरचं कुणीतरी सोबत घ्या.