नाव आपलं, डोमेन भलत्याचंच

दर वेळी तेच. एखादा मसालेवाला किंवा बचत गट वेबसाइट करून मागतो, मी त्यांच्या नावापुढे डॉट इन लावून ते डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मोकळं आहे का बघतो आणि पांढरं पान उघडतं : ‘हे डोमेन विक्रीला आहे’. खाली कर्जाच्या जाहिराती. दुकान बापजाद्यांपासूनचं, आणि नाव मात्र कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात!

चीड येते ती नियमांची. 2005 पासून डॉट इन सगळ्यांना खुलं आहे. जो आधी येईल त्याचं नाव. भारतात राहायची अट नाही, इथे धंदा असायची अट नाही. ऑस्ट्रेलियात डॉट कॉम डॉट एयू घ्यायचं तर तिथल्या व्यवसाय नोंदणीसारखा पुरावा द्यावा लागतो. कॅनडाच्या डॉट सीएलाही कॅनडाशी संबंध असायची अट आहे. बरं, आपल्याकडेही एसी डॉट इन शिक्षणसंस्थांनाच मिळतं, जीओव्ही डॉट इन सरकारलाच. म्हणजे पात्रता तपासता येते की! मग छोट्या धंदेवाल्यालाच वाऱ्यावर का सोडलंय?

‘तक्रार करा’ म्हणे. डॉट इनचा कारभार बघणाऱ्या निक्सी या संस्थेची लवादाची सोय आहे, मान्य. पण नाव आपल्या नावाशी मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, त्याचा हेतू वाईट आहे, हे सगळं आपणच सिद्ध करायचं. वर फी भरायची. दिवसभर पापड लाटणाऱ्या बायकांनी हे कधी करायचं? शेवटी त्या नावात एक आडवी रेघ घालून घेतात, आणि गिऱ्हाईक ती रेघ विसरून नेमकं त्या विक्रीच्या पानावर जाऊन पडतं.