कोंबड्या आमच्या गेल्या, मत मात्र तेच आहे

मागच्या आठवड्यात आमच्या पाचही कोंबड्या एका रात्रीत गेल्या. चूक माझीच. संध्याकाळी ऑफिसची मीटिंग लांबली आणि खुराड्याचं दार लावायचं राहिलं. सकाळी परसात पाहतो तर गवतावर पिसांचा सडा. चार जागच्या जागी मरून पडलेल्या, एक गायब. म्हणजे नेली एकच. बाकीच्यांना नुसत्या माना मोडून टाकलेलं.

मी इंग्लंडात लेस्टरशायरमधल्या एका खेड्यात राहतो. इथे हे काम कुणाचं, हे विचारावं लागत नाही. आमच्या शेजाऱ्याने कुंपणावरून बघितलं आणि म्हणाला, "फॉक्स. निव्वळ मजेसाठी मारतो तो." हे वाक्य इथे दर दुसरा माणूस बोलतो. खरं काय, तर उघड्यावर एक पक्षी मारला की बाकीचे उडून जातात. खुराड्यात कुणीच उडून जात नाही, सगळ्या समोर फडफडत राहतात आणि तो मारत सुटतो. वेळ मिळाला तर उरलेल्या एकेक नेऊन पुरून ठेवतो, पुढच्या दिवसांची बेगमी म्हणून. आमच्याकडे त्याला उजाडलं असावं.

आधी एक शब्दाचा घोळ निस्तरतो. फॉक्स म्हटलं की आपण बिनधास्त 'कोल्हा' लिहितो. पण आपला कोल्हा म्हणजे जॅकल. रात्री कोल्हेकुई करणारा, उसाच्या फडात शिरणारा, काकडीला राजी होणारा. फॉक्सला आपल्याकडे खोकड म्हणतात. माझं गाव उत्तर सोलापुरात, नान्नजच्या माळरानाच्या अंगाला. लहानपणी तिथे खोकड दिसायचं, मांजरापेक्षा जरा मोठं, शेपटाचं टोक काळं. इथला तांबडा, अंगाने दुपटीचा, आणि शेपटाचं टोक पांढरं. साहेबाला हिंदुस्थानात शिकारीची हुक्की आली तेव्हा उटीला त्याने इंग्लंडहून हाउंड, म्हणजे वासावर पाठलाग करणारे शिकारी कुत्रे, आणले आणि खोकडाऐवजी कोल्ह्याच्या मागे सोडले. तर या पोस्टमध्ये मी खोकडच म्हणणार.

आता मुद्दा. इथे घोड्यावर बसून, हाउंड सोडून खोकडाची शिकार करण्यावर कायद्याने बंदी आहे, आणि मी बंदीच्या बाजूचा. कोंबड्या गेल्यावर इथल्या दोन-तीन जणांनी सांत्वनाच्या सुरात ऐकवलं, "आता कळलं ना, शिकारीवर बंदी घालून काय चूक झाली ते?" नाही कळलं. उलट शिकारीसाठी खोकडाला 'उपद्रवी प्राणी' ठरवणाऱ्या या मंडळींच्या शब्दावरचा माझा विश्वास आणखी उडाला.

कारण आमचा हा भाग म्हणजे खोकडाच्या शिकारीचं माहेरघर. अठराव्या शतकात ह्यूगो मेनेल नावाच्या जमीनदाराने इथल्याच क्वॉर्न हंटमध्ये (हंट म्हणजे शिकाऱ्यांचा संघ) वेगवान हाउंड तयार केले आणि घोड्यावरून पाठलाग हा शौकाचा विषय झाला. पुढे शौक इतका वाढला की खोकडं कमी पडायला लागली. मग काय केलं? काटेरी झुडपांची रानं मुद्दाम लावली, खोकडाला लपायला. जमिनीखाली विटांची, पाइपांची बिळं बांधून दिली, त्याला वीण घालायला. एकोणिसाव्या शतकात तर लंडनच्या लेडनहॉल बाजारात युरोपातून आणलेली जिवंत खोकडं विकली जायची, ती आणून रानात सोडायची. शेतकऱ्याच्या कोंबड्या गेल्या तर हंट त्याला भरपाई द्यायचा, पण त्याने बंदूक उचलू नये. गोळी घालून खोकड मारणं हे त्या समाजात तोंड काळं करण्यासारखं होतं. घुशींसाठी कुणी बिळं बांधून दिल्याचं ऐकलंय कधी? उंदीर कमी पडले म्हणून परदेशातून मागवल्याचं?

ऑस्ट्रेलियाचं तर विचारूच नका. तिथे खोकड नव्हतंच. एकोणिसाव्या शतकात मेलबर्नच्या आसपास साहेबांनी शिकारीसाठी नेऊन सोडलं. आज तिथल्या कितीतरी छोट्या प्राण्यांचा तो काळ झालाय आणि सरकार विषारी आमिषं टाकत फिरतंय.

बरं, शिकारीने संख्या आटोक्यात राहते म्हणावं, तर २००१ साली इथे गुरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि जवळजवळ वर्षभर शिकार बंद होती. नंतर अभ्यासकांनी मोजदाद केली, खोकडं वाढलेली आढळली नाहीत. २००५ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये कायद्याने बंदी आली ती पुढची गोष्ट.

पण मी प्राणिमित्रांच्या बाजूने टाळ्या पिटायलाही बसलेलो नाही. माझा शेजारी मेंढपाळ आहे. मार्चमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या की हा माणूस रात्री-रात्री झोपत नाही. एकदा पहाटे मी त्याच्याबरोबर टॉर्च धरून फिरलो. एक मेंढी जुळ्यातलं एक पिल्लू चाटत उभी होती, दुसऱ्याचं डोकं नव्हतं. मी शहाणपणा करून म्हटलं, की हाउंडांच्या शिकारीचा अभ्यास करायला सरकारने नेमलेल्या बर्न्स समितीनुसार धडधाकट कोकरांपैकी फार थोडी खोकडाच्या तोंडी जातात, थंडी आणि रोगानेच जास्त मरतात. त्याने पिल्लू पोत्यात घातलं आणि म्हणाला, "ही तुझी समिती कुठल्या शेतावर झोपते?" मी गप्प.

त्याला हंट का हवा, याचं कारणही त्याने मला त्याच दिवशी सांगितलं, आणि त्यात खोकडाचा संबंधच नव्हता. मेलेली मेंढी, मेलेलं वासरू हंटवाले येऊन घेऊन जायचे, हाउंडांना खायला. आता विल्हेवाटीचे पैसे मोजावे लागतात. हे मला पटतं. हे रोखठोक आहे. तो स्वतः मात्र खोकडं बंदुकीने मारतो, रात्री, दिवा मारून. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नेम चांगला असेल तर मामला एका क्षणात संपतो. नेम चुकला तर हाल होतात, तेही खरं. बर्न्स समितीने २००० साली दोन्ही लिहिलं: हाउंडांच्या पाठलागात खोकडाच्या सुस्थितीवर गंभीर आघात होतो, आणि मारण्याच्या बाकी पद्धतीही काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. डोंगराळ भागात कुत्र्यांशिवाय भागवणं अवघड, हेही त्यांनी मान्य केलं. प्रत्येक पक्षाने त्यातलं आपल्या सोयीचं वाक्य उचललं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी जवळच्या गावात हंटचा मेळा भरतो. गेल्या वर्षी मुलीला घेऊन गेलो होतो. चौकात तकाकणारे घोडे, लाल कोट (त्याला 'पिंक' म्हणायचं, लाल म्हटलं की तुम्ही बाहेरचे), घोड्यावर बसल्या बसल्या छोट्या पेल्यातून पोर्ट वाइन. हाउंडांना 'डॉग' म्हणायचं नाही, आणि मोजायचे ते नगावर नाही, जोड्यांवर. साडेसतरा जोड्या म्हणजे पस्तीस. एक हाउंड येऊन मुलीच्या हातातलं सँडविच घेऊन गेला आणि ती खिदळत राहिली. खोटं कशाला बोलू, दृश्य देखणं होतं. रस्त्यापलीकडे फलक घेतलेले विरोधक, मध्ये कंटाळलेले दोन पोलीस. हल्ली म्हणे खोकड मारत नाहीत, आधी टाकून ठेवलेल्या वासाच्या मागावर हाउंड पळवतात. त्या वाटेत खरं खोकड उठलं तर हाउंडांना कायदा कोण समजावणार, हे कुणी सांगत नाही.

त्या चौकात उभं राहून मला वाटलं, यांनी सरळ म्हणावं की आम्हाला हे आवडतं. बापजाद्यांपासून करत आलोय, थंडीत घोडा फेकायची मजा दुसऱ्या कशात नाही. २००२ मध्ये बंदीच्या विरोधात लंडनला चार लाखांचा मोर्चा निघाला तो काही कोंबड्यांसाठी नव्हता. तसं म्हटलं तर निदान वाद तरी खरा होईल. मी तरीही विरोधातच असेन, कारण मजेसाठी एखाद्या जिवाला दमेपर्यंत पळवणं मला झेपत नाही. पण मग समोरच्याला ढोंगी म्हणायची वेळ येणार नाही.

गावी अण्णांना फोनवर कोंबड्यांचं सांगितलं. आमच्याकडे भुईमुगात रानडुक्कर शिरतं, तेव्हा 'उपद्रव' या शब्दाचा अर्थ त्यांना शिकवायला नको. शिकारीचा सगळा वाद ऐकून घेतला आणि म्हणाले, "ते घोड्याचं र्‍हाऊ दे. दार कुनी लावायचं हुतं, खोकडानं?"

रविवारी नव्या चार कोंबड्या येतायत. अंधार पडला की आपोआप बंद होणारं दार बसवलंय, त्याचा व्हिडिओ अण्णांना पाठवला. त्यांचं उत्तर आलंय: "सेल संपल्यावर?"