व्हॉल्व्हवरची खूण त्याचा इतिहास सांगत नाही

मोठी काच, डोक्यावर धातूची टोपी आणि अंगावर ‘व्हीटी’ किंवा ‘जेएएन’ अशी अक्षरं दिसली, की तो व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओयंत्रांतली काचेची इलेक्ट्रॉनिक नळी) दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानाच्या ट्रान्समीटरमधला, असं हल्ली बेधडक सांगितलं जातं. अशा दाव्यांवर विसंबून लोक व्हॉल्व्ह विकत घेतात, संग्रहात चिठ्ठ्या लावतात आणि चुकीचा इतिहास पक्का होत जातो. म्हणून हा दावा तपासून पाहायलाच हवा.

आधी खुणा. ‘जेएएन’ म्हणजे अमेरिकी लष्कर आणि नौदल यांनी मिळून ठरवलेल्या कसोट्यांना माल उतरला, एवढंच. युद्ध संपल्यावरही वर्षानुवर्षं ही खूण छापली जात होती. असे कित्येक व्हॉल्व्ह खोक्यातून बाहेर न येताच शिल्लक माल म्हणून विकले गेले. ते कुठल्याही सेटमध्ये कधी बसलेच नाहीत. ‘व्हीटी’चा घोळ याहून मोठा आहे. अमेरिकी सिग्नल कोअर, म्हणजे लष्कराचं संदेशवहन दल, बाजारातल्याच व्हॉल्व्हना आपले क्रमांक द्यायचं. बाजारात २११ या क्रमांकाने ओळखला जाणारा व्हॉल्व्ह त्यांच्याकडे व्हीटी-४-सी झाला. ब्रिटिश हवाई दलही ‘व्हीटी’च लिहायचं, पण त्यांची यादी निराळी. ब्रिटिश व्हीटी१०४ म्हणजे पीटी१५, लँकेस्टर या बॉम्बर विमानातल्या टी११५४ ट्रान्समीटरचा दणकट पेंटोड (पाच इलेक्ट्रोडांचा व्हॉल्व्ह). अमेरिकी व्हीटी-१०४ म्हणजे १२एसक्यू७, रिसीव्हरमधला चिमुकला व्हॉल्व्ह. यादी कुणाची हे न पाहता नुसता क्रमांक शोधला, तर उत्तर हमखास चुकतं.

टोपीचा निकष तर दोन्हीकडून कोसळतो. २११ हा ट्रान्समीटरचा व्हॉल्व्ह, पण त्याला टोपी नाही. चारही जोडण्या खालच्या पिनांवर. उलट ८६६ए या व्हॉल्व्हला टोपी आहे, तो ट्रान्समीटरमध्ये सापडतोही, पण तो पाऱ्याच्या वाफेवर चालणारा रेक्टिफायर. एसीचं डीसी करणं हेच त्याचं काम, रेडिओलहरींशी त्याचा संबंध नाही. (त्यात पारा असतो, तेव्हा तो फुटणार नाही याची काळजी घ्या.)

दिसण्यावरून ओळखणाऱ्यांसाठी ८४५ या व्हॉल्व्हचं उदाहरण पुरेसं आहे. २११ आणि ८४५ शेजारी ठेवले तर काच तीच, बेस तोच, फिलामेंटही (आतली तापणारी तार) १० व्होल्ट, ३.२५ अँपिअरचंच. फरक ग्रिडमध्ये, म्हणजे प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या आतल्या जाळीत: २११चा वर्धनांक (सिग्नल वाढवण्याच्या क्षमतेचा आकडा) १२, ८४५चा ५.३. म्हणूनच ८४५ मुळात ध्वनिवर्धनासाठी आणि मॉड्युलेटरसाठी, म्हणजे ट्रान्समीटरमधला आवाजाचा सिग्नल वाढवण्यासाठी, होता. छपाई पुसली गेली असेल तर नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नये.

आणि समजा २११ खरोखरच बॉम्बरमधला निघाला, तरी प्रश्न सुटत नाही. बीसी-३७५ या विमानातल्या ट्रान्समीटरमध्ये चार २११ असत. एक ऑसिलेटर, म्हणजे रेडिओलहर निर्माण करणारा, एक अँटेनाला शक्ती पुरवणारा आणि उरलेले दोन मॉड्युलेटर. एकाच पेटीतले एकसारखे चार व्हॉल्व्ह, त्यांतले निम्मे रेडिओलहरींना हातही लावत नव्हते! ८३३ए हा व्हॉल्व्ह तर प्रसारण केंद्रांच्या ट्रान्समीटरमध्येही असे आणि कारखान्यांतल्या उच्च वारंवारतेच्या हीटिंग यंत्रांतही. काच बघून त्यातला कोणता, हे कुणी सांगू शकत नाही.

दाव्यात तथ्य एवढंच, की व्हॉल्व्ह कशासाठी घडवला गेला याचा अंदाज क्रमांक आणि डेटाशीट (उत्पादकाचं तांत्रिक माहितीपत्रक) मिळून देतात. हातातला नग प्रत्यक्षात कुठे राबला, हा प्रश्न वेगळा. त्याचा पुरावा बाहेर असतो: खोक्यावरचा ऑर्डर क्रमांक आणि तारीख, ज्या सेटमधून तो काढला त्याची पाटी, सॉकेटजवळ लिहिलेलं नाव. म्हणून ओल्या फडक्याने काच पुसण्याआधी छपाईचा फोटो काढा, कारण ती शाई सहज निघते. खोकं टाकू नका. आणि देणाऱ्याला तो व्हॉल्व्ह कोणत्या यंत्राच्या कोणत्या सॉकेटमधून निघाला हे तिथल्या तिथे विचारून लिहून ठेवा.