'पाणी घोट्याला लागेपर्यंत थांबा' हा सल्ला का पाळू नये

पावसाळा सरला की सोलापुरातील हौशी छायाचित्रकार कोकणाकडे निघतात आणि त्यांच्या मोबाईलवर एक संदेश फिरू लागतो : भरती सावकाश चढते, त्यामुळे खडकावर फोटो काढताना पाणी घोट्याला लागले की मागे फिरावे, भरतीच्या वेळेआधी तासभर निघाले तरी पुरते, आणि दर सातवी लाट मोठी असते, तेवढी मोजत राहावी. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि त्यांवर विसंबणे जिवावर बेतू शकते.

आपण हिप्परगा तलावाच्या किंवा उजनी धरणाच्या काठावर वाढलेली माणसे. तिथले पाणी दिवसादिवसांनी सरकते, म्हणून घोट्याचा सल्ला आपल्याला पटतो. समुद्रकाठचा खडक मात्र सपाट दिसला तरी सपाट नसतो. हरिहरेश्वरसारख्या ठिकाणी लाटांनी झिजवलेल्या खडकात चर आणि घळी असतात, आणि त्यांतले काही चर आपण उभे असतो त्या उंचवट्याच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला असतात. भरतीचे पाणी आधी त्यांत शिरते. पाय कोरडेच असतात, परतीची वाट मात्र बुडालेली असते.

तासभर आधी निघण्याचा सल्ला तर हिशेबातच टिकत नाही. ओहोटीनंतर सुमारे सहा तास पाणी चढते आणि एकूण वाढीचे बारा भाग केले, तर ते तासागणिक ढोबळमानाने एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे येतात. वाढ 2.4 मीटर धरली, तर पहिल्या तासात 20 सेंटीमीटर आणि मधल्या दोन तासांत तब्बल 1.2 मीटर पाणी चढते. शेवटचा तास उरतो तेव्हा बारापैकी अकरा भाग येऊन गेलेले असतात.

भरतीची अंदाजे वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट करणे : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दाते पंचांग सोलापुरातूनच निघते, तेव्हा तिथी पाहणे आपल्याला अवघड नाही. नेमक्या वेळेसाठी मात्र त्या त्या बंदराचे भरतीचे कोष्टकच पाहावे. या रीतीतून एक धोका स्पष्ट दिसतो. पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास ओहोटी असते, खडक दूरवर उघडा पडतो, सूर्यास्तासाठी माणसे टोकापर्यंत जातात, आणि पाणी परत फिरते ते अंधार पडताना, तेही उधाणाचे, म्हणजे सर्वांत मोठ्या भरतीचे.

सातव्या लाटेला कसलाच आधार नाही. निरनिराळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळून मोठ्या लाटांचे गट होतात आणि दोन गटांमध्ये कित्येक मिनिटे शांतता असू शकते. ती शांतताच माणसाला खाली उतरवते. म्हणून उतरण्यापूर्वी वीसेक मिनिटे उंचावरून पाहावे आणि जिथवर खडक ओला आहे, त्याच्या बऱ्याच वर तिवई लावावी. दीर्घ एक्स्पोजर (कॅमेऱ्याचे शटर कित्येक सेकंद उघडे ठेवून काढलेला फोटो) घेताना डोळा पडद्यावर खिळलेला असतो, तेव्हा सोबत्याने फक्त समुद्राकडे लक्ष ठेवावे. फेसाळ लाट जवळून हवी असेल, तर वाइड लेन्स घेऊन पुढे सरकण्यापेक्षा 70-200 मिलिमीटरची, दूरचे जवळ आणणारी झूम लेन्स लावून मागेच थांबावे.