तीस मीटर पाणी

एरिअर्स जमा झाले, आयुष्यात एक तरी धड स्विस घड्याळ घ्यावं म्हणून संभाजीनगरच्या एका भारी शोरूमात गेलो, बाकी प्रस्तावना नको, कारण डोकं अजून तापलेलंच आहे.

रात्र-रात्र जागून अभ्यास केला होता हो मी. लाँजीन कंपनी १८३२ ची, टिसो १८५३ ची. १८३२ मध्ये आमच्याकडं निजाम होता आणि आमच्या खापरपणजोबाला वेळ सावलीवरून कळायची, तीही बहुतेक कुणी विचारत नसेल. असो. सेल्समननं हातमोजे घातले, ट्रे काढला आणि घड्याळ दाखवायच्या आधी विचारलं, "सर, बजेट?"

शेजारच्या स्टुलावर धोतरवाले एक काका बसले होते, जावयासाठी काहीतरी बघायला आलेले. ट्रेमधलं एक घड्याळ मी मनगटावर चढवून बघत होतो, त्यांनी सरळ त्यात तोंड घातलं.

"सेल कोणता लागतो हिला?"

"सेल नसतो काका, ऑटोमॅटिक आहे. हात हलला की आतलं वजन फिरतं, त्यानं चावी बसते."

"आन् माणूस निजल्यावर?"

"दीड-दोन दिवस चालते की."

"मंजे आजारी पडायची सोय न्हाई." मग काचेपाशी डोळे नेऊन, "टाइम तरी बरुबर दावती का?"

"दिवसाला चार-पाच सेकंद मागंपुढं होते."

"आन् माझी ही? बसस्टँडवरची, दोनशेची?"

सेल्समन प्रामाणिक निघाला मेला. "ती क्वार्ट्झ आहे काका, सेलवरची, ती जास्त बरोबर चालते."

काकांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी उगाच बकल चाचपत बसलो. तेवढ्यात त्यांना डायलवर '३० मीटर' दिसलं.

"तीस मीटर पाण्यात चालती?"

"नाही काका, ते फक्त शिंतोड्यांपुरतं. पोहायचं नाही."

"आरं मग लिवलं कशाला? तीस मीटर मंजे शंभर फूट. आमच्याकडं शंभर फुटावर फुफाटा निघतो नुसता, सातशेला कुठं वल लागती." आख्खं शोरूम हसलं, गार्डसुद्धा. मी पण हसलो, काय करता.

इथपर्यंत ठीक होतं. मी हळूच डिस्काउंटचं विचारलं. "सर, हेरिटेज ब्रँड आहे, फिक्स प्राइस, दोन लाख सहा हजार. ईएमआय बसवून देऊ का?" एका पगारदार माणसाला एवढ्या मोठ्या आवाजात ईएमआय विचारायची काही गरज होती का?

काकांनी विचारलं, "रोख चालंल?"

आता दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही, कायदाच आहे तसा. मॅनेजर स्वतः आतून आला. हायवेत जमिनी गेल्यापासून ह्या शोरूमवाल्यांना धोतराची किंमत बरोबर कळते. केशरवाला चहा आला, काकांनाच. कॅल्क्युलेटरवर दोन बटणं दाबली आणि तीच फिक्स प्राइस एक लाख नव्व्याण्णव हजार झाली. पिशवीतनं बंडलं निघाली, माझ्या मनगटावरनं घड्याळ काढून, पुसून, डब्यात गेलं. माझ्या मनगटावरनं!

जाताना काका म्हणाले, "तुमी बी घ्या सायेब, चांगली हाय. हात तेवढा हलवत ऱ्हावा."

मी मॅनेजरला म्हणलं, मला पण एक नव्व्याण्णवला द्या की मग.

"सर, तो शेवटचा पीस होता. मागवून देतो, ॲडव्हान्स भरा. फक्त रेट दोन लाख सहाच राहील हं."