टेक्सासचा फसलेला करार आणि गुलामगिरी

अमेरिकी इतिहासाच्या चर्चेत एक दावा फार फिरतो. टेक्सासवासी स्वातंत्र्यासाठी मेक्सिकोपासून फुटले, टेक्सासच्या अमेरिकेतल्या विलीनीकरणाचा १८४४ चा करार निव्वळ राज्यविस्तारासाठी होता, सिनेटनं तो मेक्सिकोशी युद्ध नको म्हणून फेटाळला आणि गुलामगिरीचा विषय उत्तरेकडच्या विरोधकांनी त्यात घुसडला, असं सांगितलं जातं. एकेक मुद्दा घेऊ.

‘स्वातंत्र्यासाठी फुटले.’ मेक्सिकोचा सत्ताधीश सांता आन्ना याचा केंद्रीकरणाचा कारभार हे बंडाचं खरं कारण होतंच. पण १८३६ ची टेक्सासची राज्यघटना उघडून पाहा. गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार तिथल्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, नाही. एखाद्या मालकाला आपला गुलाम मुक्त करायचा असेल तर काँग्रेसची संमती हवी, नाहीतर त्या माणसाला देशाबाहेर धाडायचं. स्वतंत्र कृष्णवर्णीयानं कायमचं राहायचं तरी काँग्रेसची परवानगी हवी. हे स्वातंत्र्य कोणाचं, हे घटनेतच लिहून ठेवलंय.

‘विषय उत्तरेनं घुसडला.’ हे तर धडधडीत खोटं आहे. करारावर १२ एप्रिल १८४४ ला सह्या झाल्या. सहाच दिवसांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी ब्रिटिश राजदूत रिचर्ड पॅकेनहॅम यांना पत्र लिहिलं. टेक्सासमध्ये ब्रिटन गुलामगिरी बंद करवील, त्यानं दक्षिणेला धोका आहे, म्हणून हा करार, असं त्यांनी स्वतः मांडलं. कॅल्हून दक्षिण कॅरोलिनाचे, म्हणजे गुलामगिरीच्या दक्षिणेतलेच. पत्रात पुढे गुलामगिरीचं समर्थन आहे, तेही आकड्यांनिशी: गुलामगिरी संपलेल्या राज्यांत कृष्णवर्णीयांपैकी दर ९६ जणांत एक मूकबधिर, अंध, मतिमंद किंवा वेडा, गुलामगिरी असलेल्या राज्यांत ६७२ मागे एक. हे आकडे १८४० च्या जनगणनेतले, आणि ती जनगणना सडलेली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरमध्ये १३३ ‘वेडे कृष्णवर्णीय’ नोंदले होते. प्रत्यक्षात ते मनोरुग्णालयातले गोरे रुग्ण होते. डॉ. एडवर्ड जार्व्हिस यांनी या चुका उघड केल्या होत्या. असल्या आकड्यांवर माणसांना गुलाम ठेवण्याचं समर्थन उभं केलं गेलं, याची चीड आजही यायला हवी.

हे पत्र करारासोबत सिनेटकडे गेलं. ओहायोचे सिनेटर बेंजामिन टॅपन यांनी गुप्त कागद वर्तमानपत्राला दिले आणि सगळं चव्हाट्यावर आलं.

‘युद्ध नको म्हणून फेटाळला.’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. ८ जूनला करार ३५ विरुद्ध १६ मतांनी पडला. विरोधातल्या ३५ पैकी १५ जण गुलामगिरीच्या राज्यांतले होते: १४ व्हिग (डेमोक्रॅट पक्षाचा तेव्हाचा प्रतिस्पर्धी पक्ष) आणि मिसूरीचे डेमोक्रॅट थॉमस हार्ट बेंटन. म्हणजे करार उत्तरेनं पाडला, असं म्हणणंही टिकत नाही. निवडणुकीच्या वर्षात मतं बरीचशी पक्षावर पडली. पण व्हिग नेते हेन्री क्ले, जे स्वतः गुलामांचे मालक होते, त्यांनी एप्रिलच्या पत्रात युद्धाबरोबर दुसरी भीतीही मांडली होती: देशाच्या एका भागाचं बळ दुसऱ्याविरुद्ध वाढवायला प्रदेश जोडला, तर संघराज्यच धोक्यात येईल.

राहिला ‘निव्वळ राज्यविस्तार’. करारासाठी सिनेटमध्ये लागणारी दोन तृतीयांश मतं मिळेनात, तेव्हा १८४५ मध्ये दोन्ही सभागृहांत साध्या बहुमतानं निघणारा संयुक्त ठराव आणला गेला. सिनेटमध्ये तो २७ विरुद्ध २५ नं निघाला. त्यात ३६ अंश ३० मिनिटांची अक्षांश रेषा घातली होती: पुढे टेक्सासमधून नवी राज्यं निघाली, तर रेषेच्या उत्तरेला गुलामगिरी नाही, दक्षिणेला तिथले लोक ठरवतील. १८५० च्या जनगणनेत टेक्सासमध्ये ५८,१६१ गुलाम होते. १८६० मध्ये १,८२,५६६.